सिंथिया फरार: नगरच्या मुलींना शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या बाई

सीनाकाठ:
जानेवारी आला की ३ तारखेला सावित्रीबाईंची जयंती सगळीकडे होते, शाळांमधून भाषणं, फोटोला हार, मुली नऊवारी नेसून येतात, आणि ते व्हायलाच पाहिजे. याच जानेवारीत, १८६२ साली, नगरमध्ये आणखी एक बाई वारल्या. त्यांचं नाव सावित्रीबाईंच्या चरित्रात एका ओळीत येतं आणि आपण वाचून पुढे जातो. मिस फरार. "अहमदनगरला मिस फरार यांच्याकडे अध्यापनाचं शिक्षण घेतलं", बास एवढंच. स्पर्धा परीक्षेला एक मार्काचा प्रश्न. मला हे बऱ्याच दिवसांपासून खटकतंय म्हणून धागा काढतोय, मला जेवढं माहिती आहे ते एका जागी मांडतो, बाकीच्यांनी भर घाला.

बाईंचा जन्म १७९५ चा, अमेरिकेत न्यू हॅम्पशायर राज्यातलं मार्लबरो गाव. तिकडे शाळेत शिकवायच्या आणि चर्चच्या कामात असायच्या. बोस्टनला 'अमेरिकन बोर्ड' नावाची मिशनरी संस्था होती, १८१० ची, त्यांची माणसं १८१३ पासून मुंबईत येऊन राहिली होती. आपण ज्याला अमेरिकन मराठी मिशन म्हणतो ते हेच. १८२४ मध्ये त्यांनी मुंबईत मुलींसाठी शाळा काढली. पण शाळा बघायच्या कुणी तर मिशनऱ्यांच्या बायकांनी, आणि त्यांच्यामागे स्वतःचा संसार, बाळंतपणं, आजारपणं, त्या काळी परदेशातून आलेली कितीतरी माणसं तर थोड्या वर्षांतच दगावायची. मग मुंबईहून मागणी गेली की बिनलग्नाची, शिकवायचा अनुभव असलेली एखादी बाई पाठवा, जी फक्त मुलींच्या शाळाच बघेल. त्यावरून आल्या त्या फरारबाई. १८२७ मध्ये दोन मिशनरी जोडप्यांबरोबर बोस्टनहून जहाजाने निघाल्या आणि डिसेंबरअखेर मुंबईत उतरल्या, वय ३२. त्याच वर्षी एप्रिलमध्ये जोतिबांचा जन्म झालेला, म्हणजे बाई आल्या तेव्हा जोतिबा पाळण्यात होते.

मुंबईत साधारण दहा वर्षं काढली. तब्येत बिघडली म्हणून १८३७ मध्ये परत जावं लागलं. घरी पोचलेली आजारी बाई, चाळिशी ओलांडलेली, तिला कुणीही म्हणालं असतं की झालं तेवढं पुष्कळ झालं. त्या १८३९ मध्ये परत आल्या, या वेळी नगरला, आणि मग शेवटपर्यंत नगर सोडलं नाही. पहिल्या दिवसापासून धरलं तर चौतीस वर्षं, त्यातली वीसच्या वर नगरमध्ये.

मला जे म्हणायचंय ते असं की त्यांचं मोठेपण शाळा 'काढण्यात' नाहीये. शाळा त्या काळात बऱ्याच जणांनी काढल्या आणि बऱ्याच बंद पडल्या. या बाई टिकल्या. मुलगी दोन वर्षं आली, लग्न झालं, गेली, मग दुसरी आली, तिला परत बाराखडीपासून शिकवायचं, ती पण दहाव्या वर्षी सासरी, मग तिसरी. हे वर्षानुवर्षं करायचं आणि त्यातूनच शिकवू शकतील अशा बायका तयार करायच्या. जोतिबा १८४८ च्या सुमारास नगरला जाऊन बाईंच्या मुलींच्या शाळा बघून आले आणि त्याच वर्षी भिडेवाड्यात शाळा सुरू झाली हे आपल्याला माहितीये, पण तेव्हा बाईंना या देशात मुलींना शिकवताना वीस वर्षं होऊन गेली होती. जोतिबांनी जे बघितलं ते वीस वर्षांचं मुरलेलं काम होतं.

आणि अजून एक, त्यांची शाळा आणि त्यांचं चर्च हे दोन वेगळे कप्पे करून बघता येत नाहीत. काही जण शाळेचं सांगतात आणि धर्माचं गाळतात, काही जण उलटं करतात. मला दोन्ही ठेवून बोलायचंय.

पाटीपेन्सिल:
छान विषय. आमच्या पुस्तकात खरंच एक ओळ होती फक्त, पहिलं नाव सिंथिया हे तर आज कळलं.
एक विचारायचं होतं, कुठेतरी वाचलं की अमेरिकेतून परदेशात मिशनरी म्हणून पाठवलेली ही पहिली अविवाहित बाई. खरंय का?

इतिहासवेडा:
@पाटीपेन्सिल 'पहिली' म्हणताना जरा थांबा. अमेरिकन बोर्डानेच १८२२ मध्ये हवाईला जाणाऱ्या तुकडीबरोबर बेट्सी स्टॉकटन नावाच्या बाईंना पाठवलं होतं. कृष्णवर्णीय, जन्म गुलामीतला, नंतर मुक्त झालेल्या. माउई बेटावर लहायना गावात त्यांनी सामान्य लोकांसाठी शाळा चालवली. पण त्यांच्या करारात त्या एका मिशनरी कुटुंबाबरोबर, त्या घरच्या कामात मदत करणाऱ्या म्हणूनही गेल्या होत्या, म्हणून जुन्या लिखाणात त्यांची गणती पूर्ण मिशनरी म्हणून केली जात नाही आणि मान फरारबाईंना देतात. मला तरी वाटतं स्टॉकटनबाईंचं नाव आधी घ्यावं. फरारबाईंचं काम त्याने तसूभर कमी होत नाही, 'पहिली' हे बिरुद त्यांना लागतच नाही.

सीनाकाठ:
@इतिहासवेडा शंभर टक्के सहमत. स्टॉकटनबाईंबद्दल वेगळा धागा काढाच तुम्ही.

जुनामास्तर:
मी जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी केली, आता निवृत्त. धागाकर्त्याने जे लिहिलंय ना 'परत बाराखडीपासून', ते वाचून थांबलो. ज्याने पहिलीचा वर्ग वर्षानुवर्षं घेतलाय त्यालाच ते कळेल. दर जूनला तुम्ही परत तिथेच उभे असता, पोरं नवीन, तुम्ही जुने.

त्या काळच्या मुलींच्या शाळेचं चित्र डोळ्यासमोर आणा म्हणजे बाईंनी काय केलं ते समजेल. सुरुवातीला शिकवायला बाई मिळायचीच नाही कारण लिहिता वाचता येणारी बाईच नाही. मग पंतोजी ठेवायचे, पुरुष, बहुधा ब्राह्मण, आणि मिशनवाल्या बाई येऊन तपासणी करायच्या. मुलींना पुरुष मास्तर म्हटल्यावर घरचे नऊ दहा वर्षांच्या पुढे ठेवायचे नाहीत. म्हणजे मुलगी जरा कुठे वाचायला लागली की शाळा सुटली. हा पेच तोडायचा एकच मार्ग, शिकलेल्या मुलींमधून शिक्षिका तयार करणं. आज आपण डीएड बीएड म्हणतो तेव्हा किती सहज म्हणतो, पण स्त्रीने शिकवण्याची विद्या शिकायची ही कल्पनाच त्या वेळी इथल्या लोकांना नवी होती.

सावित्रीबाईंचं बघा. घरी जोतिबांनी शिकवलं, पुढचं शिकवायला केशव शिवराम भवाळकर आणि सखाराम यशवंत परांजपे या मित्रांनी मदत केली, आणि वर्ग कसा घ्यायचा, मुली कशा सांभाळायच्या, याचं शिक्षण नगरला फरारबाईंकडे आणि पुण्यात मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये (म्हणजे शिक्षक तयार करणाऱ्या शाळेत) झालं असं चरित्रकार सांगतात. वय काय तर सतरा. शेणगोळे अंगावर घेऊन शाळेत जायचं धैर्य सावित्रीबाईंचं स्वतःचं, त्याचं श्रेय दुसऱ्या कुणाला द्यायचं कारण नाही. पण फळ्यापुढे उभं राहून तीस मुलींना एका वेळी गुंतवून ठेवणं हे नुसत्या धैर्याने येत नाही हो. ते कुणाचं तरी बघून, कुणाच्या तरी हाताखाली बसून शिकावं लागतं. मी माझ्या पहिल्या वर्षी मुख्याध्यापकांच्या वर्गाच्या खिडकीत उभा राहून ते गणित कसं घेतात ते बघायचो.

भाषेचं पण एक सांगतो. फरारबाई इथे येऊन मराठी शिकल्या तेव्हा मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश सुद्धा निघालेला नव्हता, तो १८३१ चा. मुलींच्या हातात द्यायला मराठी पुस्तकं किती, तर मिशनच्या छापखान्यात छापली जायची तेवढी आणि सरकारी शालापुस्तकं थोडी. मुंबईच्या त्या अमेरिकन मिशन छापखान्यातच गणपत कृष्णाजी छपाई शिकले आणि पुढे त्यांनी स्वतःचा छापखाना काढून पंचांग छापलं. म्हणजे एकाच आवारातून काय काय बाहेर पडलं बघा.

रोखठोकवाचक:
सगळं मान्य. पण मूळ मुद्दा कुणी बोलत नाहीये. या बाई धर्मप्रसारासाठी आल्या होत्या, शाळा हे साधन होतं. बोर्डाने पैसे त्यासाठीच दिले. मुलींना बायबल शिकवायचे. मग आपण त्यांना शिक्षणतज्ज्ञ म्हणून डोक्यावर का घ्यायचं? मी कुणाला दुखवायला लिहीत नाही, खरंच प्रश्न पडलाय.

सीनाकाठ:
@रोखठोकवाचक प्रश्न बरोबर आहे आणि तो टाळून हा धागा पुढे जाऊच नये.

हो, त्या धर्मासाठी आल्या होत्या, लपवण्यासारखं काही नाही, त्यांनी स्वतः कधी लपवलं नाही. वाचता आलं की माणूस शास्त्र स्वतः वाचेल हा त्यांचा विश्वास होता, म्हणून वाचायला शिकवायचं. मुलींना वाचन, लेखन, थोडं गणित, शिवणकाम आणि त्याबरोबर बायबलचे धडे, ही त्या वेळच्या मिशन शाळांची रीत. आणि आपल्या लोकांनाही ते पक्कं माहिती होतं. कुणी बाप्तिस्मा घेतला की आसपासच्या शाळा रिकाम्या व्हायच्या. १८३९ मध्ये मुंबईत जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्यांच्या शाळेतल्या पारशी मुलांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा बहुतेक सगळी मुलं शाळा सोडून गेली होती. म्हणजे पालक भोळे नव्हते, त्यांनी हिशोब करून मुलं पाठवली आणि हिशोब करून काढून घेतली. आणि तरी काही काळाने परत पाठवली, कारण शिकवणारं दुसरं कुणी नव्हतं. मुलींच्या बाबतीत तर कुणीच नव्हतं. सरकार सुद्धा मुलींच्या शिक्षणाला पाठिंबा द्यायचं अधिकृतपणे बोललं ते १८५४ च्या वुडच्या खलित्यात.

आता दुसरी बाजू. जोतिबा पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, नगरला फरारबाईंच्या शाळा बघितल्या, आणि ते ख्रिस्ती झाले नाहीत. त्यांनी शाळा घेतली, धर्म घेतला नाही. शिकवलेली गोष्ट शिकणाऱ्याची होते, तिचं पुढे काय करायचं ते शिकवणारा ठरवू शकत नाही. बाईंच्या काही विद्यार्थिनी ख्रिस्ती झाल्या, काही नाही झाल्या, पण वाचायला सगळ्याच शिकल्या.

मला त्यांना 'डोक्यावर घ्यायचं' नाहीये. मी स्वतः ख्रिस्ती नाही. मला एवढंच वाटतं की जिने मुलींसाठी सगळं आयुष्य दिलं तिची श्रद्धा आपल्याला पटो न पटो, ती श्रद्धाच तिला इथे धरून ठेवत होती हे कबूल करायला काय हरकत आहे? आजारी पडून घरी गेलेली बाई परत कित्येक महिन्यांच्या समुद्रप्रवासाला तयार होते ते पगारासाठी नाही. पगाराचं सोडा, मिशनमध्ये बायकांना 'सहायक मिशनरी' म्हणायचे आणि कामकाजाच्या बैठकीत मत नसायचं. बायकांचं स्वतःचं मिशनरी मंडळ बोस्टनला उभं राहिलं ते १८६८ मध्ये, बाईंना जाऊन सहा वर्षं झाली होती.

रोखठोकवाचक:
'शाळा घेतली, धर्म घेतला नाही' हे पटलं. माझा विरोध मावळला असं नाही म्हणणार, पण माणूस म्हणून बाईंबद्दल आदर वाटतो आता.

मंडळीतली:
सलाम सगळ्यांना. मी नगरच्या ख्रिस्ती घरातली. धागा वाचत होते गपचूप, पण आता लिहावंसं वाटलं कारण तुम्ही ज्या बाईंबद्दल बोलताय त्यांच्यासारख्या बाया मी घरात बघितल्यात.

माझी आज्जी नेवाशाकडच्या एका खेड्यात मिशनच्या शाळेत शिक्षिका होती. फायनल (तेव्हाची सातवीची परीक्षा) पास झालेली, त्या गावातली त्या पिढीतली लिहिता येणारी एकटी बाई. सोमवार ते शनिवार शाळा आणि रविवारी देऊळ. (आमच्याकडे जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणायची.) पाळकसाहेब एक आणि गावं दहा बारा, ते महिन्यातून एखादा रविवार यायचे, बाकीचे रविवार शाळेचे मास्तर किंवा बाईच सांभाळायच्या. ही आमच्या भागातली जुनीच पद्धत, मिशनचा मास्तर म्हणजे अर्धा पाळक.

आज्जीचं रविवारचं काम सांगते. पहाटे उठून देवळाची झाडलोट, सतरंज्या घालायच्या, मग संडे स्कूल. मुलांकडून वचन पाठ करून घ्यायचं आणि ज्याला येत नाही त्याला रागवायची नाही, शेजारी बसवून घ्यायची आणि स्वतःबरोबर म्हणायला लावायची. कुणाच्या घरी आजारी असलं की उपासनेनंतर तिकडे, कुणाच्या नवऱ्याचं पत्र आलं असलं मुंबईहून की ते वाचून दाखवायला, उत्तर लिहून द्यायला. कापणीच्या सणाला लोक जोंधळे, भोपळे, कोंबड्या, अंडी घेऊन यायचे त्याचा लिलाव व्हायचा आणि सगळा हिशोब आज्जीच्या वहीत, पै न पै. या कशाचे पैसे मिळत नव्हते. शाळेचा पगार सुद्धा कधी वेळेवर यायचा नाही असं बाबा सांगतात.

आणि तिच्या शाळेत सगळ्यांची मुलं यायची, ख्रिस्ती, मराठा, धनगर, मुसलमान. ती वारली तेव्हा घरासमोर जी गर्दी होती त्यात आमच्या मंडळीतले (म्हणजे चर्चमधले) किती आणि बाकीचे किती हे सांगताच आलं नसतं. एक म्हातारे गृहस्थ फेटा बांधून आलेले, ते बाबांना म्हणाले बाईंनी माझ्या बोटाला धरून सही शिकवली म्हणून माझी जमीन वाचली, अंगठा लावला असता तर गेली असती. मला तेव्हा त्याचा अर्थ पूर्ण कळला नव्हता. नंतर मी बँकेत लागल्यावर कळला.

मला फरारबाईंबद्दल इतिहास फारसा माहिती नव्हता, लाज नाही वाटत सांगायला, आमच्या घरात फक्त 'जुन्या मिशनच्या मड्डमा' एवढंच बोललं जायचं. पण आज्जीला शिकवणाऱ्या बाईला कुणीतरी शिकवलं असणार, तिला आणखी कुणी, असं मागे मागे जात राहिलं तर नगरमध्ये ती ओळ बाईंपाशीच पोचते ना? मला हे आज पहिल्यांदा लक्षात आलं आणि खूप भरून आलं.

जुनामास्तर:
@मंडळीतली ताई, तुमच्या आज्जींना माझा नमस्कार. सहीचा किस्सा वाचून अंगावर काटा आला. आम्ही साक्षरता अभियानात लोकांना अंगठ्याच्या जागी सही करायला शिकवलं, त्या वेळी म्हाताऱ्या बायका सही जमली की कागद घरी नेऊन दाखवायच्या. शिक्षकाच्या नोकरीत याच्याएवढं दुसरं काही मिळत नाही.

इतिहासवेडा:
मंडळीतली यांनी जी साखळी सांगितली तिला थोडा आधार देतो.

नगरला अमेरिकन मिशनचं ठाणं सुरू झालं १८३१ च्या शेवटी, मंडळी स्थापन झाली १८३३ मध्ये. 'ज्ञानोदय' हे मिशनचं पत्र १८४२ ला नगरमधूनच निघालं, पहिले संपादक हेन्री बॅलंटाइन. मिशनच्या खेड्यापाड्यातल्या मंडळ्यांमध्ये मुख्यतः महार आणि मांग समाजातले लोक आले. हे लक्षात घ्या कारण त्या लोकांच्या मुलींना तोवर कुठल्याच शाळेचा उंबरा ओलांडता येत नव्हता. जोतिबांनी १८५३ मध्ये ज्ञानोदयातच स्वतःच्या शाळांची हकीकत सांगितली आहे, त्यात नगरला मित्राबरोबर जाऊन मिस फरार यांच्या मुलींच्या शाळा पाहिल्या आणि फार समाधान वाटलं असा उल्लेख त्यांनी स्वतः केलाय. मित्र म्हणजे सदाशिव बल्लाळ गोवंडे, ते तेव्हा नगरला नोकरीला होते. म्हणजे ही गोष्ट नंतर कुणी रचलेली नाही, जोतिबांच्या तोंडची आहे.

आणि मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते १८५५ चं. जोतिबांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ताबाई या चौदा वर्षांच्या मांग समाजातल्या मुलीने मांग महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला, तो छापला ज्ञानोदयाने, दोन भागांत. तेव्हा फरारबाई साठीच्या होत्या, नगरमध्येच शिकवत होत्या. त्यांच्या शाळा बघून गेलेल्या माणसाच्या शाळेतली मुलगी, आणि तिचं लिखाण त्यांच्याच मिशनच्या पत्रात. अठ्ठावीस वर्षांपूर्वी त्या मुंबईला उतरल्या तेव्हा मुलींच्या हातात पाटी द्यायला सुद्धा लोक तयार नव्हते.

याच काळात एक वाईट गोष्टही झाली ती सांगायला हवी. १८५४-५५ मध्ये बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन बोस्टनहून पाहणीला आले. त्यांचं धोरण असं की मिशनने इंग्रजी शाळा बंद कराव्यात, मराठीतूनच शिकवावं, भर मंडळ्या आणि देशी पाळक तयार करण्यावर द्यावा. देशी पाळक नेमले गेले ही त्यातली चांगली बाजू. पण मुलींचं शिक्षण त्यांच्या हिशोबात देशी पाळकांना आणि मास्तरांना शिकलेल्या बायका मिळाव्यात एवढ्यापुरतं होतं. फरारबाईंसारख्या स्वतंत्र शिक्षिकेला हे कसं लागलं असेल?

सीनाकाठ:
अँडरसनचा मुद्दा मोठा आहे. सात समुद्रापलीकडे बसलेला सचिव ठरवणार नगरच्या पोरींनी किती शिकायचं! आणि तरी त्याच चौकटीत राहून बाईंनी आणखी सात वर्षं शिकवलं. शिक्षण खात्याची परिपत्रकं येत जात असतात आणि वर्गातली बाई दार लावून आपलं शिकवत राहते, असं मास्तर तुमच्याही पाहण्यात असेल.

जुनामास्तर:
दोनशे टक्के. किती धोरणं आली आणि गेली, फळा तोच.

पाटीपेन्सिल:
मी तुमच्या सगळ्यांचं वाचून एक बघत बसले, बाई नगरला ये जा कशी करत असतील. रेल्वे तर मुंबई ठाणे १८५३ ला, बोरघाटातली १८६३ ला, आणि दौंड मनमाड लाइन झाली १८७८ ला तेव्हा कुठे नगरला गाडी आली. म्हणजे बाईंना मुंबईहून नगरला रेल्वेने जाणं आयुष्यात कधी मिळालंच नाही. घाट चढून, बैलगाडीने नाहीतर तट्टावर नाहीतर पालखीत. आणि घरचं पत्र यायला कित्येक महिने. आई आजारी असल्याचं पत्र येईल तोवर काय झालं असेल नसेल. मी हॉस्टेलला राहते, रोज व्हिडिओ कॉल करूनही रडते 😔 त्या कशा राहिल्या असतील?

मंडळीतली:
@पाटीपेन्सिल बाळा, मुलींमुळे राहिल्या असतील. आज्जी रिटायर झाल्यावर बाबांनी तिला नगरला आणलं, पक्कं घर, नळाचं पाणी, सगळं. महिनाभर राहिली नीट आणि मग म्हणाली मला गावी सोड, तिकडे मुलींची नाताळची गाणी बसवायची आहेत. ती काही त्याग वगैरे म्हणून गेली नाही, तिला खरंच तिकडे जायचं होतं. लोक अशा बायांबद्दल बोलताना नेहमी 'किती सोसलं' एवढंच बोलतात, मला ते अपुरं वाटतं. आज्जी खूप हसायची. मुलगी पहिल्यांदा जोडाक्षर वाचायची ना तेव्हा टाळी वाजवायची मोठ्याने, म्हातारपणी सुद्धा.

रोखठोकवाचक:
ताई हे फार छान लिहिलंत. माझ्या आईला शिकवलेल्या एक बाई अशाच होत्या, ख्रिस्ती नव्हत्या, विठ्ठलाच्या होत्या, एकादशीला उपास करून पूर्ण दिवस वर्ग घ्यायच्या आणि सुट्टीत मुलींना घेऊन देवळात अभंग शिकवायच्या. आई अजून त्यांचे अभंग म्हणते. आज त्यांची आठवण आली.

इतिहासवेडा:
ज्यांना पुढे वाचायचंय त्यांच्यासाठी: बोर्डाचं 'मिशनरी हेरल्ड' नावाचं मासिक बोस्टनहून निघायचं, त्यात मुंबई नगरच्या मिशनऱ्यांची पत्रं, अहवाल छापले जायचे, जुने अंक इंटरनेटवर चाळता येतात. बोर्डाची मूळ कागदपत्रं हार्वर्ड विद्यापीठाच्या हॉटन लायब्ररीत आहेत. इंग्रजी जुनं आहे, वाचायला वेळ लागतो, आणि त्यातला सूर मिशनरी आहे हे धरून वाचावं लागतं, आपल्या लोकांबद्दल बोचणारं बरंच सापडेल. पण त्यातूनच रोजची शाळा दिसते.

सीनाकाठ:
धन्यवाद सगळ्यांना, इतकं येईल असं वाटलं नव्हतं.

आता एक ठोस करू या का? नगर, नेवासा, राहुरी, वडाळा, शिरूर या पट्ट्यातल्या ज्यांच्या घरात जुन्या मिशन शाळेत शिकलेली किंवा शिकवलेली म्हातारी माणसं आहेत त्यांनी त्यांच्याशी बसून बोला, मोबाइलवर रेकॉर्ड करा, शाळेत काय शिकवायचे, कोण बाई होत्या, रविवारी काय व्हायचं, कुठल्या जातीच्या मुली एका रांगेत बसायच्या आणि कुठल्या वेगळ्या बसवल्या जायच्या तेही, चांगलं वाईट सगळं. इथे लिहिताना हयात माणसांची नावं टाकू नका, गाव आणि साल पुरे. मी मिशनरी हेरल्डच्या १८४० नंतरच्या अंकांमधून नगरच्या मुलींच्या शाळांचे उल्लेख शोधून मराठीत इथेच टाकत जाईन. इतिहासवेडा, तुम्ही मदत कराल का?

इतिहासवेडा:
करतो. १८३९ ते ४५ मी घेतो, पुढचं तुम्ही बघा. अँडरसनच्या दौऱ्याची वर्षं दोघं मिळून करू, तिथे घाई नको.

मंडळीतली:
आज्जीच्या हिशोबाच्या वह्या बाबांच्या ट्रंकेत आहेत, हजेरीच्या पण दोन तीन आहेत. रविवारी उपासनेनंतर काढते आणि फोटो टाकते, नावं झाकून.